डार्टमूर फॉरेस्ट : वस्ती थोडी, वहिवाट फार

तुम्ही तुमच्या प्रकल्पासाठी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : इंग्लंडच्या डेव्हन काउंटीत डार्टमूर फॉरेस्ट नावाचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून आलेला कारभाराचा विभाग, आहे. नावात फॉरेस्ट, पण उपग्रहाच्या चित्रात झाडं जवळजवळ नाहीत. क्षेत्र प्रचंड, माणसं मोजकी. हा मुलूख असा ओसाड कधी पडला, कशामुळे पडला, आणि एवढ्या मोकळ्या माळाला पॅरिश तरी का म्हणायचं?

मी गेली बावीस वर्षं डेव्हनमध्ये सामाईक कुरणांच्या हक्कनोंदी तपासण्याचं काम करतो. कुणाच्या किती मेंढ्या, कुठल्या शिवेपर्यंत, कुठल्या घराच्या मालकीमागे, हे कागदावर वाचायचं आणि मग जमिनीवर चालून पाहायचं. या पॅरिशात मी जितका चाललो आहे तितका माझ्या स्वतःच्या तालुक्यातही चाललेलो नाही. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी शब्दांचं पाहू. 'फॉरेस्ट'चं भाषांतर आपण सवयीनं 'जंगल' करतो, आणि घोटाळा तिथेच होतो. मध्ययुगीन इंग्लंडात फॉरेस्ट हा कायद्याचा शब्द होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला आणि वेगळ्या कायद्याखाली असलेला मुलूख, मग तिथे झाडं असोत वा नसोत. मराठीत त्याला 'रान' हा शब्द जास्त चपखल बसतो. आपण 'रानात चाललोय' म्हणतो तेव्हा झाडीच डोळ्यांपुढे असते असं नाही. गवताळ माळही रान, नांगरलेलं शेतही रान. डार्टमूर हे राजाचं राखीव रान होतं. १२०४ मध्ये जॉन राजानं पैसे घेऊन डेव्हनचा बाकीचा भाग या कायद्यातून मोकळा केला, पण डार्टमूर आणि एक्समूर मात्र राखून ठेवले. १२३९ मध्ये तिसऱ्या हेन्रीनं डार्टमूर आपला भाऊ रिचर्ड, अर्ल ऑफ कॉर्नवॉल याला दिलं. राजाच्या हातून गेल्यावर कायद्याच्या काटेकोर भाषेत ते फॉरेस्ट उरलं नाही, नाव तेवढं चिकटून राहिलं. १३३७ पासून ही जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे गादीच्या वारसाची. आजही प्रिन्स ऑफ वेल्स हेच इथले जमीनदार आहेत.

दुसरा शब्द 'ओसाड'. गाव उठलं, घरं पडली, माणसं निघून गेली, की आपण ओसाड म्हणतो. ऐतिहासिक काळात इथे तसं घडलेलं नाही. इथे राहणारे कायम थोडे होते, आणि वापरणारे कायम पुष्कळ. ते राहत बाहेर, भोवतालच्या पंचक्रोशीतल्या गावांत, आणि उन्हाळ्यात गुरं वर आणत. जुन्या वहिवाटीनं टॉटनिस आणि बार्नस्टेपल ही दोन नगरं सोडली तर डेव्हनभरच्या लोकांना या मुरावर, म्हणजे उघड्या डोंगरमाळावर, चराईचा हक्क होता. अगदी लगतच्या पॅरिशांना 'व्हेनव्हिल' म्हणत. ते राजाला थोडा ठरीव सारा भरत आणि त्या बदल्यात गुरं सोडत, पीट (दलदलीतली अर्धवट कुजलेली, जळणाला चालणारी माती) कापत, छपराला लागेल ते गवत आणि नेचे नेत. दिवसा चारून संध्याकाळी गुरं खाली न्यायची. रात्री वर ठेवली तर वेगळा आकार. आणि किती जनावरं सोडायची याला एक सुंदर माप होतं : हिवाळ्यात तुमच्या घरच्या जमिनीवर जेवढी पोसता येतील तेवढीच. जनगणनेत हे लोक दिसत नाहीत, कारण त्यांची घरं दुसऱ्या पॅरिशात आहेत. तुम्ही लोकसंख्येच्या आकड्यावरून मुलूख रिकामा ठरवलात, तर त्याचा सगळा इतिहास हातचा निसटेल.

तरी वर राहणारे थोडे होतेच. पूर्व डार्ट आणि पश्चिम डार्ट या दोन नद्यांच्या खोऱ्यांत, वाऱ्यापासून जराशा आडोशाला, पस्तीस जुनी कुळं होती. त्यांना 'एन्शंट टेनमेंट्स' म्हणतात. बेबनी, पिझवेल, बेलेव्हर, हेक्सवर्दी, हकबी, डनाब्रिज, मेरिपिट ही त्यांची नावं. दोन-तीन घरांच्या वाड्या, त्याहून मोठं काही नाही. यांचा पॅरिश होता लिडफर्ड, आणि लिडफर्डचं चर्च मुराच्या पार पश्चिम कडेला.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चची पंचक्रोशी. बाप्तिस्मा, लग्न, कबुलीजबाब, दफन, सगळं त्याच चर्चमध्ये, आणि उत्पन्नाचा दशांशही त्यालाच. लिडफर्ड हे सॅक्सन राजांचं तटबंदीचं नगर. तिथे नाणी पडत, आणि ९९७ मध्ये व्हायकिंग टॅव्हिस्टॉकचा मठ जाळत तिथवर पोहोचले होते. अशा मातबर ठाण्याच्या चर्चला राजाचं रान जोडलं गेलं, कारण त्या रानाचा कारभार लिडफर्डहूनच चाले. म्हणून हा पॅरिश एवढा अवाढव्य झाला : सुमारे ५०,००० एकर, इंग्लंडातला सगळ्यांत मोठा.

आता बेबनीत कुणी वारलं तर? तिरडी खांद्यावर घेऊन अख्खा मूर पार करायचा. त्या वाटेला आजही 'लिच वे' म्हणतात, प्रेतवाट. बेलेव्हरपासून लिडफर्डपर्यंत सुमारे १८-१९ किलोमीटर. मध्ये नद्या, दलदल, आणि ३०० ते ५०० मीटर उंचीवरचा उघडा माळ. १२६० मध्ये बेबनी आणि पिझवेलच्या लोकांनी एक्सेटरचा बिशप वॉल्टर ब्रॉन्सकोम याच्याकडे गाऱ्हाणं नेलं. त्या निवाड्यात अंतर दोन प्रकारे लिहिलं आहे : हवा चांगली असेल तर लिडफर्ड आठ मैल, आणि वादळात, ओढ्यांना पूर आल्यावर वळसा घालून जावं लागलं तर पंधरा मैल. बिशपनं त्यांना टेकडीपलीकडच्या वाइडकोमच्या चर्चमध्ये जायची मुभा दिली.

मला हा कागद फार जवळचा वाटतो. एका जागेचं अंतर हवेप्रमाणे बदलतं, हे सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी कुणीतरी अधिकृतपणे मान्य केलं. मी ही वाट तीनदा पूर्ण चाललो आहे. त्यातल्या एका ऑक्टोबरात काउसिक नावाचा ओढा, जो सकाळी दगडांवरून ओलांडता येतो, तो दुपारी गुडघ्याच्या वर चढला होता. पाणी चहाच्या रंगाचं, पीटमधून आलेलं, आणि इतकं गार की पायांची जाणीव जाते. पाठीवर फक्त पिशवी होती, तरी मी थांबलो आणि वरच्या अंगाला अर्धा तास चालून ओलांडलं. आठाचे पंधरा मैल कसे होतात ते तिथे कळलं.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या दगडाकडे येऊ. डार्टमूर हा ग्रॅनाइटचा उंचवटा आहे. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली वितळलेला खडक सावकाश निवला, नंतर वरचे थर झिजून गेले आणि तो उघडा पडला. सर्वांत उंच माथा हाय विलहेज, ६२१ मीटर. माथ्यांवर जे दगडांचे ढीग रचल्यासारखे दिसतात त्यांना 'टॉर' म्हणतात. ते कुणी रचलेले नाहीत. ग्रॅनाइटला निवताना उभ्या-आडव्या भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरून आजूबाजूचा खडक कुजतो, आणि जिथे भेगा विरळ तिथला गाभा उरतो. हिमयुगात इथवर बर्फाची चादर आली नाही, पण जमीन गोठत-वितळत राहिली. त्यानं सुटलेल्या शिळा उतारावर घरंगळल्या आणि तशाच पसरून राहिल्या आहेत.

ग्रॅनाइटमधून पाणी सहज मुरत नाही, आणि त्याची माती आम्लधर्मी, निकस. प्रिन्सटाउनला वर्षाला जवळजवळ २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या घाटमाथ्याच्या मानानं हा आकडा लहान वाटेल, पण तिथला पाऊस चार महिन्यांत कोसळून थांबतो आणि पुढे ऊन जमीन कोरडी करतं. इथे तो बारा महिने रिपरिपतो, वर गारठा. मेलेलं गवत आणि शेवाळ पूर्ण कुजतच नाही, थरावर थर साचत जातात. तेच पीट. पीटची खोली मोजायला आम्ही लोखंडी सळई वापरतो. ती लोण्यात सुरी शिरावी तशी जाते, एक मीटर, दोन मीटर, आणि मग एकदम ठक्क. ग्रॅनाइटला टेकल्याचा झटका मनगटात येतो. उत्तरेच्या माथ्यांवर अशा पीटची सलग चादर आहे, आणि डार्ट, टेन, टॅव्ही, टॉ, ओकमेंट या डेव्हनच्या नद्या तिच्यातूनच पाझरत निघतात.

नेहमीच असं नव्हतं. कांस्ययुगात, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी, इथे दाट वस्ती होती. गोल घरांचे दगडी पाये शेकड्यांनी सापडतात, आणि मैलोन् मैल सरळ, एकमेकांना समांतर जाणारे बुटके बांध दिसतात. त्यांना 'रीव्ह' म्हणतात. कित्येक वर्षं लोक ते मध्ययुगीन समजत. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञानं ते एका नियोजित प्रागैतिहासिक जमीनवाटपाचे बांध असल्याचं दाखवून दिलं. डार्टमीटजवळ काही ठिकाणी आजच्या शेतांच्या भिंतीही त्याच रेषांवर उभ्या आहेत. पुढे हवा गार आणि ओली होत गेली, जमिनीचा कस गेला, आणि लोक खाली सरकले. 'ओसाड' हा तुमचा शब्द लावायचाच तर या एका घटनेला लागेल. आणि झाडांचं म्हणाल तर ती त्याच्याही आधीपासून माणसांनी जाळत, तोडत, चारत संपवली. जुन्या वनाचा एक तुकडा टू ब्रिजेसच्या वर विस्टमन्स वूड म्हणून उरला आहे. शिळांच्या फटींतून उगवलेले खुजे, वाकडे ओक, अंगभर शेवाळ. गुरांचं तोंड त्या फटींत पोहोचत नव्हतं, म्हणून ते वाचले असं मानतात. बेलेव्हरला जी काळीभोर झाडी दिसते ती विसाव्या शतकात लाकडासाठी लावलेली सूचिपर्णी झाडं आहेत, तिचा या इतिहासाशी संबंध नाही.

पीट आणि दगड यांच्यामध्ये तिसरी चीज होती, कथील. बाराव्या शतकापासून खाणकामगार ओढ्यांच्या गाळातून कथील धुऊन काढत, आणि त्यांच्या पाटांच्या आणि गाळाच्या ढिगाऱ्यांच्या खुणा प्रत्येक खोऱ्यात आहेत. कथीलवाल्यांना स्वतंत्र कायदा होता, स्वतंत्र न्यायालयं होती, आणि लिडफर्डला स्वतःचा तुरुंग. त्यांची पार्लमेंट भरे ती टू ब्रिजेसजवळ क्रॉकर्न टॉरवर, उघड्यावर, पावसात. चार कथील-नगरांना सारखं पडावं म्हणून मधली जागा.

इथला एक प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचतो. रिचर्ड स्ट्रोड हा प्लिम्प्टनचा खासदार. कथीलवाल्यांच्या गाळानं बंदरं भरत चालली होती, त्यावर लगाम घालणारं विधेयक आणायचा त्यानं प्रयत्न केला. कथीलवाल्यांच्या न्यायालयांनी त्याला दंड ठोठावला, आणि त्यानं तो भरला नाही तेव्हा लिडफर्डच्या कोठडीत टाकला. सुमारे तीन आठवडे तो तिथे होता. त्यावर लंडनच्या पार्लमेंटनं १५१२ मध्ये कायदा करून ती शिक्षा रद्द ठरवली, आणि सभागृहात मांडलेल्या विधेयकासाठी किंवा केलेल्या भाषणासाठी सभासदाला त्रास देता येणार नाही असं म्हटलं. तो धागा १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये आला, आणि तिथून भारतीय संविधानाच्या कलम १०५ मध्ये. आमदारांसाठी कलम १९४. मुंबईच्या विधानभवनात एखादा आमदार निर्धास्त बोलतो, त्या संरक्षणाच्या कुळकथेत लिडफर्डची ती कोठडी आहे. लिडफर्डला गेलात तर आत शिरून बघा, वर जायला जिना आहे आणि खाली अंधारी खोली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सुधारणावाले आले. त्यांची जमिनीवर श्रद्धा होती, ती खोटी नव्हती, पण त्यांनी ग्रॅनाइट विचारात घेतला नाही. सर थॉमस टिर्व्हिट हा प्रिन्स ऑफ वेल्सचा सचिव. त्यानं मुराच्या मधोमध टॉर रॉयल हे घर बांधलं, जवस आणि धान्य पिकवायचं ठरवलं, आणि प्रिन्सटाउन वसवलं, सुमारे ४३० मीटर उंचीवर. पीक आलं नाही. मग त्यानंच तुरुंगाची कल्पना मांडली. नेपोलियनशी युद्ध चालू होतं आणि प्लिमथला जुन्या जहाजांत कैदी कोंबलेले होते. १८०६ मध्ये बांधकाम सुरू झालं, १८०९ मध्ये फ्रेंच कैदी आले, आणि अमेरिकेशीही युद्ध जुंपल्यावर १८१३ पासून अमेरिकन. तह झाल्यावरही अमेरिकनांना सोडायला उशीर झाला, असंतोष वाढला, आणि ६ एप्रिल १८१५ रोजी पहाऱ्यानं गोळीबार केला. सात जण ठार. रोगानं आणि थंडीनं मेले ते वेगळे. एकूण २७१ अमेरिकनांची नोंद आहे, आणि फ्रेंच त्याच्या कितीतरी पट. प्रिन्सटाउनचं सेंट मायकल चर्च याच युद्धकैद्यांच्या हातांनी उभं राहिलं. बेबनीच्या लोकांना ज्या गोष्टीसाठी मूर ओलांडावा लागे ती मुराच्या मध्यावर शेवटी आली ती अशी.

१८१६ मध्ये तुरुंग रिकामा झाला आणि गाव जवळजवळ मोडकळीला आलं. टिर्व्हिटनं घोड्यांनी ओढायची रेल्वे काढली. १८२३ मध्ये ती सुरू झाली : वर चुना आणि कोळसा, खाली ग्रॅनाइट. १८५० मध्ये तुरुंग पुन्हा उघडला, या वेळी गुन्हेगारांसाठी, आणि गावाला पोट मिळालं. वाफेची गाडी १८८३ मध्ये आली, १९५६ मध्ये बंद झाली. मधल्या काळात पोस्टब्रिजजवळ बंदुकीच्या दारूचा कारखानाही चालला. डायनामाइट आल्यावर तो संपला, धुराडं उभं आहे. १९०१ मध्ये आर्थर कॉनन डॉइल प्रिन्सटाउनच्या हॉटेलात उतरला होता. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या शेरलॉक होम्सच्या कथेतली जीवघेणी दलदल म्हणजे गावाच्या दक्षिणेची फॉक्स टॉर मायर्स, असं सर्वसाधारण मत आहे. खरी दलदल गोष्टीतल्याइतकी घातकी नाही, पण एकट्यानं उतरू नका.

आणि जुलै २०२४ मध्ये तुरुंग रिकामा करावा लागला. कारण रेडॉन. ग्रॅनाइटमधलं युरेनियम कणाकणानं क्षय पावतं, त्यातून हा वायू निघतो आणि बंद खोल्यांत साठतो. दगडी भिंतीमागे माणसं कोंडायची ती जागा दगडानंच बंद पाडली.

तुमच्या प्रकल्पासाठी दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली : आकडे. तुरुंगातले कैदी जनगणनेत धरले जातात. १८४१ ला तुरुंग बंद होता, १८५१ ला उघडा. मधली वाढ ही गावाची वाढ समजू नका. अलीकडच्या काळात पॅरिशची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास सांगतात, तिच्यातही कैदी आले. ते वजा केल्याशिवाय दर चौरस किलोमीटरचं गणित मांडू नका. दुसरी : हद्द. धार्मिक पॅरिश वेगळा, नागरी पॅरिश वेगळा. एकोणिसाव्या शतकात हे दोन सुटे झाले, आणि १८९४ च्या कायद्यानं नागरी पॅरिशांना आपल्या ग्रामपंचायतीसारखी परिषद मिळाली. डार्टमूर फॉरेस्ट हा स्वतंत्र नागरी पॅरिश तर १९८७ चा. त्याआधीची प्रत्येक नोंद लिडफर्डच्या नावाखाली शोधावी लागेल. राजाच्या रानाची हद्द मात्र १२४० मध्ये बारा सरदारांनी घोड्यावरून फिरून ठरवली, आणि तिच्यातल्या खुणा अजून सापडतात. त्यातला सिवर्ड्स क्रॉस हा शिवेचा दगड पुरुषभर उंचीचा आहे. त्याच्यापाशी उभं राहून आजचा नकाशा उघडून पाहा.

आणि जमल्यास शरद ऋतूत या. मुरावर सोडलेली तट्टं तेव्हा गोळा करतात, त्याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. डनाब्रिजला रस्त्याच्या कडेला दगडी कुसवाचा जुना कोंडवाडा आहे, पूर्वी बेवारस जनावरं तिथे आणून अडकवत आणि दंड भरून सोडवत. चराईचा कारभार १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्यानुसार हक्कदारांची परिषद बघते. रात्री तंबू ठोकायचा लोकांचा हक्क याच कायद्यात बसतो, असा निवाडा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये दिला. फक्त कुठे चालतं त्याचा नकाशा राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीतून आधी बघून घ्या. ड्रिफ्टच्या दिवशी सकाळी धुक्यातून आधी टापा ऐकू येतात, मग शिट्ट्या, मग ओल्या केसांचा वास, आणि मग एकदम साठ-सत्तर तट्टं उतारावरून खाली. प्रत्येक मालक आपापल्या खुणा बघून जनावरं वेगळी करतो. त्या गर्दीतल्या माणसांना त्यांचं गाव विचारा. बहुतेक जण या पॅरिशचं नाव सांगणार नाहीत.